पार्किन्सन्स की पीएसपी? एमआरआयवर किती भिस्त ठेवायची?

अनुजा_सांगली

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात जुने धागे शोधले, पण नेमकं हवं ते सापडलं नाही म्हणून नवा काढतेय.

बाबा ६८ वर्षांचे. तीनेक वर्षांपूर्वी चालणं मंदावलं, अक्षर बारीक झालं, चेहऱ्यावरचे भाव कमी झाले, तेव्हा पार्किन्सन्सचं निदान झालं. सिंडोपा (लेव्होडोपाची गोळी) चालू आहे, डोस वाढवत नेला, पण म्हणावा तसा फरक पडला नाही. हाताला थरथर जवळपास नाहीच. गेल्या वर्षापासून तोल जातो, आणि जातो तो सरळ मागे. खुर्चीतून उठतात आणि परत धपकन बसतात. जिना उतरताना पायरी चुकते.

आता दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी पुन्हा मेंदूचा एमआरआय करायला लावला. रिपोर्टमधे लिहिलंय की मिडब्रेन बारीक झालेला दिसतो, 'हमिंगबर्ड साइन' आहे, पीएसपीची (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, पार्किन्सन्ससारखा दिसणारा पण वेगळा आजार) शक्यता, क्लिनिकल कोरिलेशन करावे, म्हणजे प्रत्यक्ष तपासणीशी ताडून बघावे. पहिल्या वेळचा एमआरआय रिपोर्ट होता 'वयानुरूप बदल, बाकी नॉर्मल'. डॉक्टरांची पुढची भेट पंधरवड्यानंतरची आहे आणि तोवर आमचा जीव टांगणीला लागलाय.

एका फोटोवरून हे दोन आजार खरंच वेगळे ओळखता येतात का? मग पहिल्या वेळी का नाही दिसलं? कुणाच्या घरी असं झालंय का? जाणकारांनी कृपया लिहा.

पन्हाळगड

वाचतोय. काकांना लवकर बरं वाटो.

मेधा_नाशिक

अनुजा, आमच्याकडे पीएसपी नाही, पण त्याच कुटुंबातला दुसरा आजार आहे, एमएसए. म्हणजे मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी. ह्यांनाही सुरुवातीला पार्किन्सन्सच सांगितलं होतं. सविस्तर रात्री लिहिते, आता ह्यांची जेवणाची वेळ आहे.

कृष्णधवल

मी रेडिओलॉजिस्ट आहे, पुण्यात. तुमच्या वडिलांचा स्कॅन पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही म्हणणार नाही. पण हमिंगबर्ड साइन म्हणजे काय ते सांगतो.

डोकं दोन डोळ्यांच्या मधोमध उभं चिरलं तर जे दिसेल, त्या छेदाला मिडसॅजिटल म्हणतात. त्यात मेंदूचा दांडा बाजूने दिसतो. खालचा फुगीर भाग म्हणजे पॉन्स, त्याच्या वरचा मिडब्रेन. निरोगी माणसात मिडब्रेनची वरची कड थोडी उंचवट्याची असते. पीएसपीत मिडब्रेन झिजतो, ती कड आधी सपाट होते आणि मग आत खचते. पॉन्स मात्र बराचसा शाबूत राहतो. त्यामुळे पॉन्स हे पक्ष्याचं पोट आणि झिजलेला मिडब्रेन हे बारीक डोकं नि लांब चोच, असं चित्र तयार होतं. पार्किन्सन्समधे असं सहसा होत नाही. तिथे साध्या एमआरआयवर पॉन्स आणि मिडब्रेन दोन्ही जवळपास नॉर्मल दिसतात.

ही नुसती नजरेची गोष्ट नाही, मोजताही येतं. जपानमधल्या ओबा आणि सहकाऱ्यांनी २००५ मधे या छेदावरचं मिडब्रेनचं क्षेत्रफळ मोजलं. सरासरी निरोगी लोकांत ११७ चौरस मिमीच्या आसपास, पार्किन्सन्समधे १०३ आणि पीएसपीत फक्त ५६.

पहिल्या वेळी का नाही दिसलं, याची दोन कारणं असू शकतात. एक तर तेव्हा झीज कमी असेल. दुसरं म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर काय लिहिलं होतं? 'चक्कर' किंवा 'अशक्तपणा' एवढंच लिहून रुग्ण येतो तेव्हा आम्ही स्ट्रोक, गाठ, रक्तस्राव शोधतो. 'पार्किन्सोनिझम, मागे पडणं, औषधाला प्रतिसाद कमी' असं लिहिलेलं असेल तर मी सगळ्यात आधी तो मधला छेद उघडतो. जुनी सीडी असेल तर जपून ठेवा, दोन्ही शेजारी लावून बघायला हवेत.

अनुजा_सांगली

खूप धन्यवाद, कृष्णधवल. इतकं सोपं करून कुणीच सांगितलं नव्हतं. जुन्या फिल्म कपाटात आहेत, दमटपणाने एकमेकींना चिकटल्यात. सीडी शोधते.

अभियंता_बाबूराव

क्षेत्रफळ मोजता येतं म्हणता, सरासरी ५६ आणि १०३ इतकी लांब लांब आहे, मग प्रश्न उरतोच कुठे? सॉफ्टवेअरने मोजा, आकडा छापा, निदान द्या. 'क्लिनिकल कोरिलेशन करावे' हे वाक्य म्हणजे जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालणं आहे. रुग्णाने आठ-दहा हजार मोजायचे आणि उत्तर मात्र गुलदस्त्यात!

रबरी_हातोडी

बाबूराव, सरासरीमधे अंतर असलं तरी माणसं सरासरीवर उभी नसतात. सुरुवातीच्या पीएसपीचा आणि वयस्कर निरोगी माणसाचा आकडा एकमेकांत मिसळतो. मी न्यूरोलॉजीत काम करतो म्हणून थोडं लांबण लावतो.

जेम्स पार्किन्सनने १८१७ मधे 'थरथरणाऱ्या लकव्या'वर निबंध लिहिला. पुढची दीडशे वर्षं त्या छत्रीखाली बरंच काही खपून गेलं. पीएसपी हा वेगळा आजार आहे हे टोरांटोच्या स्टील, रिचर्डसन आणि ओल्झेव्स्की यांनी १९६४ मधे मांडलं, ते रुग्णांचे डोळे, मान आणि तोल बघून, आणि मृत्यूनंतर मेंदू तपासून. पार्किन्सन्स आणि एमएसएमधे पेशींत अल्फा-सिन्यूक्लीन नावाचं प्रथिन साचतं, पीएसपीत टाऊ. एमआरआयला ही प्रथिनं दिसत नाहीत. त्याला दिसते ती त्यांनी केलेली झीज, आणि ती दिसण्याजोगी व्हायला वेळ जातो.

लंडनमधे शवविच्छेदनाने निदान पक्कं झालेल्या रुग्णांचे जुने एमआरआय नाव झाकून तपासले गेले, २०१२ चा अभ्यास. हमिंगबर्ड दिसला तिथे तो पीएसपीच निघाला, पण पीएसपी असलेल्या साधारण दोन तृतीयांश लोकांतच तो दिसला. म्हणजे दिसला तर वजन मोठं, नाही दिसला तर पीएसपी नाही असं म्हणता येत नाही. म्हणूनच २०१७ च्या पीएसपीच्या निकषांत एमआरआय आधाराला आहे, निदानाचा पाया डोळे आणि तोल.

अनुजाताई, एक विचारतो. बाबा जेवताना ताटातली स्वतःच्या जवळची भाजी तशीच राहते का?

अनुजा_सांगली

हो! आई रोज म्हणते, "अर्धं ताट दिसतच नाही का यांना." आम्हाला वाटायचं भूक कमी झालीय. चष्म्याचा नंबरही बदलून आणला.

रबरी_हातोडी

खाली नजर वळवायला त्रास होत असेल तर असं होतं, जिन्याचंही कारण तेच असू शकतं. पुढच्या भेटीत हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते बोट वरखाली हलवून नजर बघतील, मग डोकं धरून मान हलवतील. स्वतःहून नजर खाली जात नाही पण मान हलवल्यावर बुबुळं खाली जातात, असं दिसलं तर ती मोठी खूण आहे.

कोल्हापुरी_रस्सा

आमच्या आबांना एमआरआयला नेलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाले, "आत ढोलताशाचं पथक बसवलंय, पण गुलाल कुठंच दिसंना!" हसू आलं, पण थरथरीमुळे त्यांचे फोटो हलले आणि परत काढावे लागले. काही उपाय असतो का?

कृष्णधवल

आबांना नमस्कार सांगा :-)

विश्रांतीतली थरथर हाताची असेल तर डोकं बऱ्याचदा स्थिर राहतं. हनुवटी किंवा मान हलत असेल तर अडचण येते. डोक्याभोवती मऊ उशा लावतो, कानात बोळे देतो, औषधाचा परिणाम चालू असतानाची वेळ निवडतो. झोप लागली की थरथर थांबते, म्हणून कधी सौम्य गुंगीचं औषधही देतात, पण वयस्कर माणसाला ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. पेसमेकर, जुनी क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट यांची माहिती आधीच द्या. या तपासणीसाठी शिरेतून देण्याचं कॉन्ट्रास्ट बहुतेक वेळा लागत नाही.

बाबूराव, आता तुमच्या आकड्याकडे. इटलीतल्या क्वात्रोने यांच्या गटाने २००८ मधे एक निर्देशांक मांडला, एमआरपीआय. पॉन्सचं क्षेत्रफळ भागिले मिडब्रेनचं, गुणिले मिडल पिडंकलची रुंदी भागिले सुपीरिअर पिडंकलची (पिडंकल म्हणजे मेंदूच्या दांड्याला लहान मेंदूशी जोडणारे पट्टे). साडेतेराच्या वर गेला तर पीएसपीकडे कल. आता गंमत बघा. समजा पॉन्स ५२०, मिडब्रेन ९०, मिडल पिडंकल ९ मिमी, सुपीरिअर ४ मिमी. उत्तर येतं १३. तोच सुपीरिअर पिडंकल मी साडेतीन मोजला तर उत्तर जवळपास १४.९. अर्ध्या मिलिमीटरने माणूस या बाजूचा त्या बाजूला गेला. छेद जरा तिरका बसला तरी असा फरक पडतो. सॉफ्टवेअर आहेत, त्यांनी मापात सातत्य येतं. पण सीमारेषेवरचा माणूस सॉफ्टवेअरसाठीही सीमारेषेवरच असतो.

अभियंता_बाबूराव

हे उदाहरण पटलं. मोजमापातली अनिश्चितता उत्तरात किती पटींनी वाढते हे आम्ही रोज बघतो. पण मग रिपोर्टात आकडा आणि त्यासोबत त्रुटीची मर्यादा, दोन्ही छापा. 'बारीक झाल्यासारखा वाटतो' यातून रुग्णाच्या मुलीने काय घ्यायचं? हे माझं म्हणणं कायम आहे.

आणि फ्लोरिडा विद्यापीठाच्या गटाने २०२५ मधे डिफ्यूजन एमआरआयवर मशीन लर्निंग वापरून पार्किन्सन्स, एमएसए आणि पीएसपी वेगळे करायचं काम प्रसिद्ध केलंय. ते पेशींबाहेरचं मोकळं पाणी मोजतात. हे आपल्याकडे कधी येणार?

कृष्णधवल

आकडा छापण्याबद्दल शंभर टक्के अनुमोदन. मी छापतो. फ्लोरिडाचं कामही चांगलं आहे.

मेधा_नाशिक

काल म्हटल्याप्रमाणे लिहितेय. ह्यांचं सगळं लघवीपासून सुरू झालं. घाई व्हायची, पूर्ण व्हायची नाही. प्रोस्टेट म्हणून ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरत आली होती. मग सकाळी पलंगावरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. तरी ब्लडप्रेशर नेहमी बसवून मोजायचे आणि ते ठीक यायचं. एका तरुण डॉक्टरने झोपवून मोजलं, मग तीन मिनिटं उभं करून मोजलं. वरचा आकडा चाळिसाने खाली! ती मुलगी नसती तर आम्ही अजून अंधारातच असतो.

पहिला एमआरआय स्वच्छ होता. दुसऱ्यात पॉन्सच्या आडव्या छेदात पांढरा क्रॉस दिसला, त्याला 'हॉट क्रॉस बन' म्हणतात. सेरिबेलम म्हणजे लहान मेंदूही झिजला होता. बोलणं लडबडत होतं, चाल फाकलेली, हे सगळं त्याच्याशी जुळलं. एमएसएचे २०२२ चे नवे निकष आहेत, त्यात सगळ्यात वरच्या पायरीचं निदान द्यायचं तर एमआरआयवर काहीतरी खूण असावीच लागते, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं.

अनुजा, नाव कळल्यावर काय मिळतं असं सगळे विचारतात. आम्हाला हे मिळालं: प्रोस्टेटचं ऑपरेशन टळलं. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली. मीठ-पाणी, पोटऱ्यांना घट्ट मोजे. झोपेत घशातून शिट्टीसारखा आवाज येतो तो नुसतं घोरणं नाही हे कळलं, त्याची तपासणी झाली. मेंदूत इलेक्ट्रोड घालायची शस्त्रक्रिया, डीबीएस, आम्हाला कुणीतरी सुचवली होती. एमएसए आणि पीएसपीत तिचा उपयोग नाही. लाखोंचा खर्च आणि त्यांची दगदग वाचली.

रबरी_हातोडी

मेधाताई, झोपवून आणि उभं करून बीपी, हे वाक्य प्रत्येक दवाखान्यात भिंतीवर लावावं. फक्त एक भर: हॉट क्रॉस बन हा एमएसएचा मक्ता नाही, काही आनुवंशिक अटॅक्सियांतही (तोल नि हालचालींचा ताळमेळ बिघडवणारे आजार) दिसतो. घरात आणखी कुणाला तसा त्रास असेल तर सांगायलाच हवं.

स्वरूपा_डोंबिवली

मी वेगळ्या बाजूने लिहिते. माझ्या सासूबाईंना दोन्ही हातांना थरथर, चाल हळू, तोंड कोरं. एमआरआय नॉर्मल. पार्किन्सन्सची गोळी सुरू होणार होती. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या. त्यात अ‍ॅसिडिटीची एक कॅप्सूल निघाली, वर्षभर रोज सकाळी घेत होत्या. तिच्यात रॅबेप्रॅझोलसोबत लेव्होसल्पिराइड होतं. ती बंद केल्यावर काही महिन्यांत हात स्थिर झाले. आता दिवाळीच्या चकल्या त्याच पाडतात.

मेटोक्लोप्रमाइड, चक्करेसाठीची सिनारिझिन, अर्धशिशीची फ्लुनारिझिन, मानसिक आजाराची काही औषधं, सगळ्यांनी हे होऊ शकतं. कृपया कुठलाही स्कॅन करण्याआधी गोळ्यांची पिशवी दाखवा. मात्र मनाने काहीही बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच.

निवृत्त_मास्तर

स्वरूपाताईंचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवावा ही विनंती. आमची सौ. चक्करेची गोळी कित्येक महिने घेते आहे. उद्याच विचारतो.

केतन_ह्यूस्टन

इकडे डॅटस्कॅन करतात, २०११ पासून मान्यता आहे. मेंदूतल्या डोपामिनच्या टोकांना किरणोत्सारी द्रव्य चिकटतं आणि स्वल्पविरामासारखी आकृती दिसते. बाबांसाठी तो करून बघता येईल का? भारतात ट्रोडॅट स्कॅन मिळतो ना?

रबरी_हातोडी

मिळतो, मोठ्या शहरांत. पण अनुजाताईंच्या प्रश्नाला तो उत्तर देत नाही. पार्किन्सन्स, पीएसपी, एमएसए तिन्हींत तो बिघडलेलाच येतो. स्वरूपाताईंच्या सासूबाईंसारखी औषधाने आलेली थरथर किंवा इसेन्शियल ट्रेमर (थरथरीचाच एक वेगळा आजार), यांत तो नॉर्मल येतो. तिथे खरा उपयोग.

कृष्णधवल

साधारण तीच गोष्ट ३ टेस्लाच्या मशीनवर 'स्वॅलो टेल'ची. निरोगी माणसाच्या सब्स्टान्शिया नायग्रात (मिडब्रेनमधला डोपामिन तयार करणारा भाग) एक छोटा पांढरा ठिपका असतो, त्यामुळे पाकोळीच्या शेपटीसारखी दुभंगलेली रेघ दिसते. पार्किन्सन्समधे ती पुसली जाते. पण पीएसपी आणि एमएसएतही पुसली जाते. प्रत्येक खुणेचा प्रश्न वेगळा असतो.

वनौषधी

खाजकुहिलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असतो. आयुर्वेदात कपिकच्छू कंपवातावर पूर्वीपासून आहे. मशीनमधे घालण्यापेक्षा बाबांना ते चूर्ण देऊन बघा.

रबरी_हातोडी

बियांत लेव्होडोपा असतो हे खरंच आहे. म्हणूनच ते सिंडोपासोबत मनाने घेतलं तर डोस नकळत वाढतो, रक्तदाब उतरू शकतो, भास होऊ शकतात. दर चूर्णात प्रमाणही सारखं नसतं. आणि अनुजाताईंच्या वडिलांना लेव्होडोपाचाच गुण येत नाहीये, मग तो बियांतून दिला काय नि गोळीतून दिला काय.

संपादक

वनौषधी, आयुर्वेदासाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. इथे निदानावरच बोलूया.

नाना_रत्नागिरी

माझ्या थोरल्या बंधूंची गोष्ट सांगतो, कारण ती सुखाची आहे. चाल अशी की पाऊल जमिनीला चिकटलंय. लघवीवर ताबा नाही. विसरायला लागले. गावात सगळे म्हणाले वय झालं. एमआरआयमधे मेंदूतल्या पोकळ्या फुगलेल्या, एव्हन्स इंडेक्स (पोकळ्यांची रुंदी कवटीच्या रुंदीशी ताडणारा आकडा) ०.३ च्या बराच वर, आणि मेंदूच्या माथ्यावरच्या खाचा मात्र दाटलेल्या. नॉर्मल प्रेशर हायड्रोकेफलस, म्हणजे मेंदूत पाणी साचणं. कमरेतून चाळीसेक मिली पाणी काढलं, आधी आणि नंतर चालतानाचा व्हिडिओ घेतला. तो व्हिडिओ बघून वहिनी रडली, इतका फरक. मग शंट, म्हणजे ते पाणी वाहून नेणारी नळी, बसवला. आज अंगणात फिरतात, माडाखाली पडलेले नारळ स्वतः उचलतात. एमआरआय नसता तर हे कळलं नसतं, म्हणून मी त्याच्या बाजूने.

कृष्णधवल

नाना, वाचून फार बरं वाटलं. पाणी काढून चाल तपासली हे महत्त्वाचं, कारण पीएसपीतही पोकळ्या मोठ्या दिसू शकतात आणि मग उगाच शंट बसतो. पोकळ्यांच्या याच फुगण्याचा उपयोग करून, पीएसपीचा पार्किन्सन्ससारखा प्रकार वेगळा ओळखायला २०१८ मधे एमआरपीआयच्या नव्या आवृत्तीत तिसऱ्या व्हेंट्रिकलची (मधल्या पोकळीची) रुंदीही धरली. विल्सन्स या आजाराचंही सांगून ठेवतो: तरुण मुलात हात थरथरत असतील, बोलणं बदललं असेल, तर मिडब्रेनमधे पांडाच्या तोंडासारखी आकृती शोधतो. ते शरीरात साचलेल्या तांब्यामुळे होतं आणि त्यावर औषध आहे.

पन्हाळगड

अनुजाताई, भेट झाली का?

अनुजा_सांगली

झाली. सगळ्यांसाठी सविस्तर लिहिते.

जुनी सीडी आईच्या साड्यांच्या कपाटात सापडली आणि चक्क चालली. डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन एकाच स्क्रीनवर शेजारी लावले आणि मला जवळ बोलावून दाखवले. आत्ताच्यात मिडब्रेन ७० चौरस मिमी, एमआरपीआय १९. तीन वर्षांपूर्वीच्यात ८२. तेव्हाही वरची कड सपाट झालेली होती. मग त्यांनी जुनी चिठ्ठी मागितली. तिच्यावर एकच शब्द होता, 'चक्कर'. कृष्णधवल, तुमची आठवण झाली.

नंतर बाबांना समोर बसवलं. बोट वर नेलं, नजर गेली. खाली नेलं, नजर मधेच अडकली. मग डॉक्टरांनी दोन्ही हातांनी बाबांचं डोकं धरून हळूच वर उचललं, आणि बुबुळं सरळ खाली गेली. तीन टाळ्या वाजवायला सांगितल्या, बाबा वाजवतच राहिले. मागून खांद्याला हलका झटका दिला तर पाऊल न टाकता तसेच मागे आले, डॉक्टर मागे उभेच होते. म्हणाले, "एमआरआय काढला नसता तरी मी पीएसपीच म्हटलं असतं, पण आता दोन्ही एकच सांगताहेत." कागदावर 'प्रॉबेबल पीएसपी' असं लिहिलंय. खात्री फक्त मेंदूच्या पेशी तपासूनच होते असंही सांगितलं. लेव्होडोपा पुरेशा डोसपर्यंत नेऊन महिनाभर बघणार, उपयोग नाही झाला तर हळूहळू कमी करणार.

मी रडले नाही असं नाही. पण बाबा "नीट बघत नाहीत, ऐकत नाहीत" म्हणून आम्ही त्यांच्यावर चिडायचो, ते त्या दिवसापासून थांबलं. आईने ताटाखाली पाट ठेवायला सुरुवात केलीय, आता भाजी उरत नाही.

रबरी_हातोडी

छान डॉक्टर भेटलेत तुम्हाला. पुढचं: स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी आत्ताच करून घ्या, ठसका सुरू होण्याची वाट बघू नका. पाणी पिताना हनुवटी खाली. वॉकर घ्यायचा तर वजनदार, हलका वॉकर घेऊन माणूस मागे पडतो. बाथरूममधे दोन्हीकडे दांड्या. प्रिझमच्या चष्म्याबद्दल नेत्रतज्ज्ञांना विचारा, काहींना खाली बघायला मदत होते.

अभियंता_बाबूराव

८२ हा आकडा पहिल्याच रिपोर्टात असता तर कदाचित तीन वर्षं वाचली असती. ताई, तुमच्या डॉक्टरांना माझा नमस्कार. दांड्या बसवायच्या उंचीचा तक्ता माझ्याकडे आहे, वडिलांसाठी केला होता. व्यनि करतो.

मेधा_नाशिक

अनुजा, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पीडीएमडीएस (पार्किन्सन्स आणि तत्सम आजारांसाठी काम करणारी संस्था). दोन्हीकडे काळजी घेणाऱ्यांशीही बोलतात, फक्त रुग्णांशी नाही. आईला त्यात नक्की जोड. आणि रात्री दहानंतर मी जागीच असते, कधीही फोन कर. नंबर व्यनि केलाय.

अनुजा_सांगली

मिळाला, मेधाताई. आजच करते. बाबूराव, बाथरूमची मापं काढून पाठवते, मिस्त्री रविवारी येणार आहे.